धरलंय

सिस्टर तो शब्द सहज बोलून गेल्या. मुद्दाम बोलल्या नाहीत, सांगता सांगता तोंडातून निघाला. "आमच्या मधली भिंत पातळ आहे हो, सगळं ऐकू येतं. झोपेतून दचकून उठतो आणि एकच शब्द ओरडतो. धरलंय! काय धरलंय, कुणी धरलंय, विचारलं तर सांगत नाही. हात तेवढे थरथरत असतात. तर त्याच्यासाठी आजही प्रार्थना करू या." एवढं म्हणून त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. दाराजवळ बसलेल्या काचवाल्याच्या हातातला कप बशीवरून उठला होता आणि ओठांपर्यंत पोचायचा होता, तो मधेच थांबला. हात थांबल्याचं त्याला उशिरा कळलं. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं त्याला वाटलं. खोलीत मात्र काहीच झालं नव्हतं. कंडक्टरकाका हनुवटी छातीवर टेकून बसले होते. बाई चष्मा पुसत होत्या. त्याच्या बायकोनं तेवढा हातातला चमचा बशीत ठेवला, आवाज होऊ नये म्हणून फार जपून ठेवला, आणि त्याच्याकडे पाहिलं नाही. न पाहिल्यावरूनच त्याला समजलं की तिच्याही लक्षात आलंय.

दर आठवड्याला एका संध्याकाळी ही मंडळी प्रार्थनेला जमत. पूर्वी पाळीपाळीनं एकेकाच्या घरी जमत, पण बाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून गट कायमचा त्यांच्या चौथ्या मजल्यावर भरू लागला. बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. शास्त्रपाठ चालू असताना कुणी चुळबुळ केली तर त्या अजूनही चष्म्यावरून बघत. कंडक्टरकाका जन्मभर बसमध्ये उभे राहिलेले, त्यामुळे बसायला मिळालं की त्यांना डुलकी लागे. कुणाची प्रार्थना लांबली की ते मधेच जागे होऊन घंटी मारल्यासारखं 'आमेन' म्हणत, आणि बोलणाऱ्याला नाइलाजानं पुढच्या थांब्याआधीच उतरावं लागे. सिस्टर दवाखान्यातून परस्पर येत, नेहमी उशिरा. त्याला इथं बायकोनं आणलं होतं, जवळजवळ ओढतच. तो सगळ्यांच्या आधी येई, कारण लिफ्टच्या दारात बोटभर फट होती आणि तिच्यातून खालचा काळोख दिसे. तो जिना चढे, भिंतीला खांदा घासत, सळई घातलेला पाय पायरीपायरीनं वर ओढत. आणि सगळे गेल्यावर शेवटी उतरे. गटात त्याला काचवाले म्हणत. त्याची बसायची जागा ठरलेली होती, दाराजवळची, चपलांच्या शेजारची. "अहो, आत येऊन बसा की, उधारी मागायला आल्यासारखे काय बसता," असं बाई दर वेळी म्हणत आणि तो दर वेळी म्हणे, "इथं बरं आहे." समोरच्या भिंतीत मोठी खिडकी होती. तिला गज नव्हते, आणि तिच्या पलीकडे चार मजले काहीच नव्हतं.

त्या खिडकीचं एक तावदान तडकून गळून पडलं होतं. बाईंनी तिथं पुठ्ठा लावला होता, आणि वारा आला की तो पुठ्ठा कुणीतरी बोटांनी वाजवल्यासारखा वाजे. घरात काचवाला येतो आणि घरातली काच पुठ्ठ्याची! "पुढच्या आठवड्यात बसवतो," असं तो किती आठवडे म्हणत होता ते बाईंनी मोजलं नव्हतं, किंवा मोजून गप्प बसल्या होत्या. खरं तर काम चहा गार व्हायच्या आत संपलं असतं. काच कापून कधीची तयार होती, कारखान्यात भिंतीला टेकवून ठेवलेली. पण ती बसवायला खिडकीपाशी जावं लागलं असतं.

बाईंचा एक नियम होता. प्रार्थनेसाठी कुणाचीही विनंती आणा, नाव आणू नका. मागे एकदा कुणाच्या तरी मोडलेल्या संसारासाठी प्रार्थना करता करता मंडळी त्या संसाराच्या पार स्वयंपाकघरात जाऊन पोचली होती, तेव्हापासूनचा नियम. "नाव देवाला ठाऊक आहे," बाई म्हणत, "आपल्याला ठाऊक असून काय फरक पडणार आहे?" आणि जी विनंती जो उचलेल, ते त्याचं ओझं, काम होईपर्यंत दर आठवड्याला त्यानंच ते प्रार्थनेत मांडायचं. सिस्टरांनी पहिल्यांदा सांगितलं की त्यांच्या शेजारच्या खोलीत एक एकटा माणूस आहे, त्याच्या हातून कुणाचं तरी वाईट झालंय, तेव्हापासून त्याचे हात थरथरतात, तो कुणात मिसळत नाही, तेव्हा कुणी काही बोलायच्या आत हा म्हणाला होता, "माझ्याकडे असू दे." का म्हणाला, ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. कदाचित भिणाऱ्या माणसाला भिणाऱ्याचा वास येत असेल.

त्या माणसाला त्यानं एक चेहराही देऊन टाकला होता. बुटका, टक्कल पडलेला, कुठल्याशा कचेरीत फायली लावणारा, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावणारा. कारखान्यात काच कापायला तिच्यावर हिरकणी ओढण्याआधी श्वास रोखावा लागतो, त्या रोखलेल्या श्वासात तो रोज म्हणे, देवबापा, त्याचे हात स्थिर कर. म्हणता म्हणता त्या टकल्यावर त्याचा जीवच जडला. आज जेवला असेल का, दाढी करताना गाल कापत असेल का, असं काहीबाही मनात येई. स्वतःच्या पायासाठी त्यानं एवढी कळकळ कधी दाखवली नव्हती. दाढीचं मनात आलं म्हणून एक दिवस उरलेल्या तुकड्यातून त्यानं एक छोटा आरसा कापला, आणि थरथरत्या बोटांना लागू नये म्हणून त्याच्या कडा घासत बसला. यंत्रावर नाही, हातानं, पाण्याखाली धरून, दगडावर, कोपरे गोल होईपर्यंत. जेवणाची सुट्टी त्यातच गेली. तो आरसा त्यानं सिस्टरांच्या हाती पाठवला आणि त्या रात्री पाय दुखत असूनही त्याला गाढ झोप लागली.

म्हणजे तो आरसा शिट्टीच्या घरी होता.

शिट्टी. कामावर जाताना, येताना, डबा उघडताना, पुट्टी मळताना सतत शीळ घालणारा, ताडमाड उंच, केसांचं जंगल झालेला त्याचा जोडीदार. टकल्याशी काडीचा संबंध नसलेला. दोघांनी मिळून या शहरातल्या किती खिडक्यांना काचा बसवल्या असतील! मोठी काच दोघांनी दोन टोकांना धरून रस्ता ओलांडायचा, तेव्हा पाऊल पावलाला जुळावं लागतं, आणि लांबून बघणाऱ्याला काच दिसतच नाही. दोन शहाणीसुरती माणसं मिळून काहीच नसलेलं काहीतरी जपून नेताहेत असं वाटतं. शिट्टीला त्याचं फार हसू येई. मजल्यावरचं काम असलं की एकानं दोर कमरेला बांधून बाहेर छज्ज्यावर उतरायचं आणि दुसऱ्यानं आत खांबाला दोराचे वेढे देऊन टोक हातात धरायचं. बाहेरच्यानं विचारायचं, "धरलंस?" आतल्यानं म्हणायचं, "धरलंय!" त्याशिवाय बाहेरच्यानं मागं रेलायचं नाही. एवढा एकच नियम. पण वर्षानुवर्षं तोच प्रश्न आणि तेच उत्तर म्हटल्यावर उत्तर प्रश्नाच्या आधीच जिभेवर येऊन बसलेलं असतं. त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर शिट्टीचा हात दोराकडे जातच होता, शब्द हाताच्या आधी पोचला. हा मागं रेलला. दोर त्याच्याबरोबर बाहेर आला, अगदी हलका, पलीकडे कुणीही नसलेला. मग दुकानावरचं कापडी छप्पर, ते फाटल्याचा आवाज, मग रस्ता. शुद्ध आली तेव्हा डोकं शिट्टीच्या मांडीवर होतं आणि शिट्टी दोन्ही हातांनी ते घट्ट धरून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "धरलंय रे, धरलंय, धरलंय." तेव्हा त्याला ती चेष्टा वाटली होती. इतकी वर्षं ती चेष्टाच वाटत होती.

शिट्टी दवाखान्यात एकदा आला होता. संत्री घेऊन आला होता. यानं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि भिंतीलाच सांगितलं, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." मागं कागदी पिशवीचा आवाज झाला, मग दार लागलं. संत्री बायकोनं शेजारच्या खाटांवर वाटून टाकली. त्यानंतर विचारणाऱ्या प्रत्येकाला तो एवढंच सांगे, "दोर सुटला." कुणाच्या हातून सुटला, हे त्यानं कधी सांगितलं नाही. लोकांना तो मोठेपणा वाटे. मोठेपणा कसला, ते नाव तोंडात घ्यायचं नव्हतं एवढंच. नाव घेतलं नाही म्हणून ते गेलं मात्र नाही. ते जिन्याच्या प्रत्येक वळणावर उभं असे, कारखान्यातल्या साध्या स्टुलावर चढायची वेळ आली तरी पायाशी येऊन बसे. भीती आणि राग ही दोन वेगळी दुखणी आहेत असं तो समजत होता. आज पहिल्यांदा त्याला शंका आली की दुखणं एकच असावं, आणि आपण त्याला उगाच दोन खाटा दिल्या असाव्यात.

"वाचलेल्या उताऱ्याबद्दल कुणाला काही म्हणायचंय?" बाईंनी विचारलं. आज त्यांनी त्या पंगू माणसाची गोष्ट वाचली होती. घरात शिरायला जागा नाही म्हणून चौघं त्याला घेऊन छपरावर चढतात, छप्पर उघडतात आणि खाटेसकट त्याला येशूसमोर खाली सोडतात. वाचन चालू असताना त्याचं निम्मं लक्ष दोरांकडे होतं. चार कोपरे, चार माणसं. एकानं जरा घाई केली तर खाट कलंडणार. त्यांनी एकमेकांना विचारलं असेलच, धरलंस? धरलंस? त्या खाटेवरच्या माणसाच्या पोटात काय झालं असेल, ते लिहिणाऱ्यानं लिहिलं नव्हतं. लिहिणारा कधी छज्ज्यावर उभा राहिला नसावा. मात्र एक गोष्ट वाचतानाच त्याला खटकली होती आणि आता ती पुन्हा वर आली. खाट खाली टेकल्यावर येशूनं पाय बरे केले नाहीत, आधी क्षमा केली. पाय नंतर. आणि तेही त्या माणसाचा विश्वास बघून नाही, वर छपरावरून डोकावणाऱ्या त्या चौघांचा विश्वास बघून. त्याला वाटायचं, तो खाटेवरचा माणूस म्हणजे आपण. पाय लुळा पडलेला, दुसऱ्यांनी उचलून आणलेला. पण मग महिनोन्महिने रोज कारखान्यात श्वास रोखून आपण खाली सोडत होतो, ती खाट कुणाची होती?

"काचवाले," बाई म्हणाल्या, "चला, तुमचं ओझं."

सगळ्यांनी डोळे मिटले. त्यानंही मिटले. देवबापा, एवढं म्हणून तो थांबला. पुठ्ठा वाजला. देवानं आपल्याला चक्क बनवलं, असं त्याच्या मनात आलं, आणि असा राग आला की कान तापले. टकला दाखवून शिट्टी गळ्यात मारला! नाव कळलं असतं तर एक अक्षर निघालं नसतं तोंडातून. आता केलेल्या प्रार्थना परत मागता येतील का? हिरकणी ओढल्यावर काचेवरची रेघ पुसता येते का? त्यानं निकरानं तो टकल्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. आला नाही. आला तो एक उंच माणूस, मोरीपाशी वाकलेला, एका हातात वस्तरा आणि दुसऱ्या थरथरत्या हातात तो छोटा आरसा. शीळ न घालता दाढी करणारा. आणि त्याच्या मनात आलं, कडा घासल्या ते बरं झालं, नाहीतर याला लागलं असतं.

हे आपल्याच मनात आलं यावर त्याचा विश्वास बसेना. त्यानं ते वळवून बघितलं, ढोसून बघितलं. ते हललं नाही. आणि त्याच्या मागोमाग दुसरं एक, कधीही आत न घेतलेलं, दारात ताटकळलेलं आलं. दिवसाआड आत उभं राहायची पाळी आपली असायची. आपणही म्हणायचो, धरलंय, आणि मग वाकून दोर उचलायचो. शंभरदा म्हटलं असेल. त्या शंभर वेळा शिट्टी मागं रेलायला क्षणभर उशीर करायचा, आधी शीळ संपवायचा, म्हणून वाचला. एवढाच काय तो दोघांतला फरक. डोळे मिटलेले असताना त्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यानं ते पुसलं नाही, कारण पुसलं असतं तर दिसलं असतं.

"मला आज जमत नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "सिस्टर, तो आरसा वापरतो का?"

"वापरतो म्हणजे? उशाशी घेऊन झोपतो." सिस्टरांनी डोळे उघडले. "दिला त्या दिवशी तर कडेवरून नुसतं बोट फिरवत बसला. पुढ्यातला चहा गार झाला. कुणी केला म्हणून विचारत राहिला. मी म्हटलं, नाव सांगायचा आमचा नियम नाही, पण गटातलेच आहेत. तेव्हापासून माझी पिशवी उचलून मला इथवर सोडायला येतो बघा. म्हटलं, वर चल, तर नको म्हणतो. खाली बाकावर बसून राहतो सभा संपेपर्यंत."

दगडावर पाण्याखाली हातानं घासलेली कड. कोपरा गोल करायची ही पद्धत शहरात फक्त दोघांना येत होती, कारण ती दोघांनी मिळूनच शोधून काढली होती.

"आत्ता आहे खाली?"

"असणारच."

"तुमच्या ओळखीचा आहे का तो?" बाईंनी विचारलं. स्वतःचाच नियम मोडतोय हे त्यांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि त्यांनी मोडू दिला.

"माझा जोडीदार होता," तो म्हणाला. "दोर त्याच्याकडे होता."

"आमेन," कंडक्टरकाका दचकून जागे होत म्हणाले. कुणी हसलं नाही. बायकोच फक्त हळूच म्हणाली, "अहो." त्या दोन अक्षरांत तिनं किती वर्षांचं काय काय भरलं होतं ते त्याला ऐकू आलं. शिट्टी तिच्या हातचा चहा पिऊन घरच्यासारखा पाय पसरून बसायचा. तिला त्याला 'भाऊजी' म्हणायची सवय होती, आणि ती सवय तिनं याच्यासाठी गिळली होती, एकदाही बोलून न दाखवता.

तो उठला. दार उघडून जिन्यानं खाली जाता आलं असतं, पण तो पायरीपायरीनं खाली पोचेपर्यंत सभा संपली म्हणून शिट्टी पिशवी उचलून सिस्टरांबरोबर चालू लागला असता, दर आठवड्याला लागायचा तसा. निदान असं त्यानं स्वतःला सांगितलं. खरं कारण त्याला ठाऊक होतं. त्यानं खिडकीकडे तोंड केलं. मधे सतरंजी होती, चहाचं टेबल होतं, बाईंची खुर्ची होती. ही खोली त्यानं कधी ओलांडली नव्हती. दोन पावलं टाकली आणि फरशी खिडकीच्या बाजूला उतरती झाली. ती उतरती नाही हे त्याच्या डोक्याला माहीत होतं, पायाला माहीत नव्हतं. छपराच्या कापडाचा तो फाटण्याचा आवाज कानाशी येऊन थांबला. पडल्यापासून कधी तोंडातून न निघालेलं एक वाक्य त्याच्या तोंडून निघालं. "मला धरा कुणीतरी."

मग गडबड झाली. बायकोनं डावा हात धरला, सिस्टरांनी उजवं मनगट, आणि सवयीनं नाडीच मोजायला लागल्या. काकांनी मागून सदरा मुठीत पकडला, गर्दीत लोंबकळणाऱ्याला आत ओढावं तसा. बाईंना उठता येईना, तर त्यांनी खुर्चीतूनच काठीची वाकडी मूठ पुढं करून त्याच्या कमरेच्या पट्ट्यात अडकवली. "मी बसल्या बसल्या धरते," त्या म्हणाल्या. "माझं वजन कमी नाहीये." तो खिडकीपाशी आला. कडी काढली. खिडकी उघडली, पुठ्ठा निसटून खोलीत पडला, आणि वारा सरळ तोंडावर आला. तो थांबून राहिला. कशाची वाट बघतोय ते कुणाला कळेना. बायकोला कळलं.

"धरलंय," ती म्हणाली.

त्यानं मागं वळून बघितलं नाही. देवबापा, इतकंच म्हटलं, पुढचं सुचलं नाही आणि लागलंही नाही. तो बाहेर वाकला आणि मग डोळे उघडले. खाली संध्याकाळचा पिवळा उजेड होता. रस्ता होता, साधा, लोक चालतात तो. बाक होता, आणि बाकावर एक लांबलचक माणूस पिशवी मांडीवर घेऊन, पाठीला पोक काढून बसला होता. केस विरळ झाले होते, वरून टाळू दिसत होती. म्हणजे टक्कल तेवढं खरं निघालं, असं त्याच्या मनात आलं आणि तशाही अवस्थेत त्याला हसू फुटलं.

"ए शिट्टी!"

माणसानं मान वर केली. आधी त्याला काही समजलं नाही. मग चौथ्या मजल्याच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलेला हा त्याला दिसला. पिशवी खाली पडली. तो उठला, धावत खिडकीच्या बरोबर खाली आला आणि त्यानं दोन्ही हात वर केले, वर, जेवढे जातील तेवढे, पंजे उघडून, चार मजले वरून पडणारं माणूस त्या दोन हातांत झेलता येतं असं समजून.

"मागं हो!" तो ओरडत होता. "आत जा! अरे आत जा आधी!"

"धरलंय मला!" हा वरून ओरडला, आणि त्याचा आवाज मधेच फाटला. "चौघं आहेत इथं! तू ये वर! बाईंची काच बसवायचीय!"

शिट्टीनं ऐकलं. मान हलवली. पण हात काही खाली घेतले नाहीत. तसेच वर धरून, नजर खिडकीवरून न काढता, तो एकेक पाऊल चाचपत इमारतीच्या दाराकडे सरकू लागला.